असाकुसा

असाकुसा हा जपानची राजधानी तोक्यो येथील ताइतो विभागातील एक गजबजलेला भाग आहे. सुमिदा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेला हा भाग सेन्सोजी या बौद्ध मंदिरासाठी, त्यासमोरील बाजारपेठेसाठी आणि वर्षभर चालणाऱ्या उत्सवांसाठी प्रसिद्ध आहे. १९२३ चा भूकंप आणि १९४५ चा हवाई हल्ला यांत येथील बहुतेक जुन्या वास्तू नष्ट झाल्या. त्यामुळे आज दिसणारे असाकुसा मुख्यतः पुनर्बांधणीतून उभे राहिलेले आहे.

इतिहास

मंदिराच्या आख्यायिकेनुसार इ.स. ६२८ मध्ये हिनोकुमा आडनावाच्या दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली. कान्नोन हे अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचे जपानी रूप होय. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील प्रसिद्ध पद्मपाणी हे याच बोधिसत्त्वाचे चित्र आहे. गावच्या प्रमुखाने आपल्या घरातच मूर्तीची स्थापना केली व त्यातून पुढे मंदिर उभे राहिले, असे मानले जाते. ही मूर्ती 'गुप्त' असून ती भाविकांना दाखवली जात नाही.

एदो काळात शोगुनांच्या आश्रयामुळे मंदिराचे महत्त्व वाढले. १६५७ च्या भीषण आगीनंतर योशिवारा ही वेश्यावस्ती जवळ हलवण्यात आली. १८४० च्या दशकात शहरातील काबुकी नाट्यगृहांनाही येथेच जागा देण्यात आली. अशा प्रकारे तीर्थस्थान आणि करमणुकीचे केंद्र या दोन्ही ओळखी असाकुसाला मिळाल्या. १८९० मध्ये येथे र्योउनकाकु हा बारा मजली मनोरा बांधला गेला; जपानमधील पहिली विद्युत उद्वाहक यंत्रणा त्यात होती. देशातील पहिले कायमस्वरूपी चित्रपटगृहही १९०३ मध्ये येथेच सुरू झाले.

१९२३ च्या भूकंपात मनोरा मोडला, परंतु मंदिराची मुख्य वास्तू वाचली. १० मार्च १९४५ च्या अमेरिकी हवाई हल्ल्यात मात्र ती जळून गेली. त्या रात्री तोक्योत सुमारे एक लाख लोक मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे. जवळच्या कोतोतोई पुलावर दोन्ही तीरांवरून पळणारे लोक अडकले व अनेकांचा अंत झाला. पुलाजवळील सुमिदा उद्यानात त्यांचे स्मारक आहे. मंदिराच्या आवारात त्या आगीतून वाचलेला गिंको वृक्ष आजही उभा आहे.

प्रेक्षणीय स्थळे

कामिनारीमोन: 'मेघगर्जनेचे द्वार' असा नावाचा अर्थ असलेल्या या प्रवेशद्वारात वायुदेव व मेघगर्जनेचा देव यांच्या मूर्ती आहेत. मध्यभागी टांगलेला लाल कंदील सुमारे ३.९ मीटर उंच व ७०० किलोग्रॅम वजनाचा आहे. १८६५ मध्ये जळालेले हे द्वार उद्योगपती कोनोसुके मात्सुशिता यांच्या देणगीतून १९६० मध्ये पुन्हा उभारले गेले.

नाकामिसे: द्वारापासून मंदिराकडे जाणाऱ्या सुमारे २५० मीटर लांबीच्या या मार्गावर ९० च्या आसपास दुकाने आहेत. तेथे तांदळाच्या कुरकुरीत चकत्या, पंखे आणि खेळणी मिळतात. चालता चालता खाऊ नये, पदार्थ घेतला त्या दुकानासमोरच खावा, अशी येथील दुकानदारांची अपेक्षा असते. २०१७ मध्ये दुकानांच्या इमारती महानगर प्रशासनाकडून मंदिराकडे आल्या. त्यानंतर मोठ्या भाडेवाढीचा प्रस्ताव पुढे आल्याने, पिढ्यान्‌पिढ्यांचे छोटे व्यवसाय टिकतील का, हा प्रश्न चर्चेत आला.

सेन्सोजी: सध्याची मुख्य वास्तू १९५८ मध्ये काँक्रीटमध्ये बांधली गेली. भूकंपाच्या वेळी छताचा भार कमी राहावा यासाठी त्यावर टायटॅनियमची हलकी कौले बसवली आहेत. समोरील मोठ्या धूपपात्राचा धूर भाविक अंगावर घेतात. चिठ्ठी काढून भविष्य पाहण्याची प्रथाही येथे आहे. येथील चिठ्ठ्यांत अशुभ भविष्याचे प्रमाण अधिक असते, अशी ख्याती आहे. अशी चिठ्ठी निघाल्यास ती आवारातील चौकटीला बांधून ठेवतात.

असाकुसा देवस्थान: मूर्ती मिळालेले दोन भाऊ व गावप्रमुख यांना वाहिलेले हे शिंतो देवस्थान १६४९ मध्ये पूर्ण झाले. १९४५ च्या आगीतून ते वाचले. शिंतो पद्धतीनुसार येथे टाळी वाजवून वंदन करतात. शेजारच्या बौद्ध मंदिरात केवळ हात जोडतात.

इतर स्थळे: १८५३ मध्ये पुष्पोद्यान म्हणून सुरू झालेल्या हानायाशिकी मनोरंजन उद्यानात १९५३ चा रोलर कोस्टर अद्याप चालतो. काप्पाबाशी हा रस्ता स्वयंपाकाची भांडी, सुऱ्या आणि उपाहारगृहांसमोर मांडल्या जाणाऱ्या खाद्यपदार्थांच्या प्रतिकृतींसाठी ओळखला जातो. नदीपलीकडे ६३४ मीटर उंचीचा तोक्यो स्कायट्री आहे.

उत्सव

मे महिन्यातील सांजा मात्सुरी हा असाकुसा देवस्थानाचा मुख्य उत्सव होय. त्यात स्थानिक मंडळे पालख्या खांद्यावर घेऊन मिरवतात. जुलैमध्ये होझुकी या नारिंगी फळांच्या रोपांचा बाजार भरतो आणि महिनाअखेरीस सुमिदा नदीवर आतषबाजी होते. डिसेंबरमध्ये सजवलेल्या लाकडी फळ्यांचा बाजार भरतो.

वाहतूक व भेटीची वेळ

असाकुसा ते उएनो हा आशियातील पहिला भुयारी रेल्वेमार्ग १९२७ मध्ये सुरू झाला. तो आता गिन्झा मार्गाचा भाग आहे. निक्कोकडे जाणाऱ्या तोबू रेल्वेचे स्थानक आणि नदीतील बोटींचा धक्काही येथे आहे. मुख्य मंदिर सायंकाळी ५ वाजता बंद होते, परंतु आवार खुले राहते. दुपारी मोठी गर्दी असते. सकाळी लवकर किंवा दिवे लागल्यानंतर परिसर तुलनेने शांत असतो.