आम्लाच्या नदीत बिऱ्हाड

स्पेनमधल्या रिओ तिंतो नदीकाठी उभा होतो. पाणी कोकम सरबतासारखं लालभडक. पीएच पट्टी बुडवली, तर आकडा २ च्या आसपास. म्हणजे जवळपास लिंबाचा रसच!

इथे कोण राहणार? अहो, हा रंगच मुळी जिवाणूंची करामत. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स पायराइट या खनिजातल्या लोह-गंधकावर पोट भरतो. त्यातून सल्फ्युरिक आम्ल बनतं, लोह पाण्यात उतरतं. बेटा आम्ल नुसतं सोसत नाही, स्वतःच तयार करतो.

खरी गंमत पुढे. बाहेर पीएच २, पण पेशीच्या आत साधारण ६.५. आत घुसणारे प्रोटॉन तो सतत बाहेर काढतो, गळक्या होडीतलं पाणी उपसावं तसं.

हलक्या प्रतीच्या खनिजातून तांबं काढायलाही यालाच जुंपतात.

पट्टी अजून जपून ठेवलीय.