गोणीचा हिशेब



कांद्याचा खर्च मांडताना आपण बियाणे, रोपवाटिका, लागवडीची मजुरी, खते, फवारण्या आणि काढणी या बाबी क्रमाने लिहितो. गोणी मात्र अगदी शेवटी 'किरकोळ' या ओळीत जाते किंवा लिहिलीच जात नाही. लासलगावकडे कांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून सुटा विक्रीस नेतात. आपल्या पारनेर व नगरच्या बाजार आवारात तो गोणीत भरून जातो. एकरी १०० क्विंटल कांदा निघाला आणि ५० किलोची भरती धरली, तर २०० गोण्या लागतात. ही बाब किरकोळ नव्हे. गोणीची निवड चुकली तर कांदा उबतो आणि गोणीचे वजन ठाऊक नसेल तर मापात नुकसान होते. म्हणून ही गोणी कोठून येते, ती कशी पारखावी आणि तिचा हिशेब कसा ठेवावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

ताग कोणता?

प्रथम एक घोटाळा दूर करू. 'ताग' या एकाच नावाने आपल्याकडे दोन वेगळी पिके ओळखली जातात. हिरवळीच्या खतासाठी पेरून फुलोऱ्यात गाडतो तो ताग म्हणजे बोरू. हे शेंगवर्गीय पीक असून त्याच्या सालीपासून दोर वळता येतात. गोणीचा ताग म्हणजे ज्यूट. त्याला बंगालमध्ये 'पाट' म्हणतात. ही दोन्ही झाडे वेगळ्या कुळांतील आहेत. तिसरी आपली अंबाडी. तिच्या पाल्याची भाजी होते आणि सालीचा वाख निघतो. अंबाडीवर्गातील धाग्याला व्यापारात 'मेस्ता' म्हणतात. हलक्या प्रतीच्या मालासाठी गिरण्या तो ज्यूटमध्ये मिसळतात. बांधावरच्या घायपाताचा वाख मात्र पानांतून निघतो. तो राठ असल्याने दोरांसाठी चांगला, पण गोणीच्या कापडास उपयोगी नाही.

'आपल्याकडे ज्यूट का घेऊ नये?' असा प्रश्न काही शेतकरी विचारतात. ज्यूटला उष्ण व दमट हवा, नदीकाठची गाळाची जमीन आणि भरपूर पाऊस लागतो. शिवाय कापणीनंतर झाडे कुजवण्यासाठी तळी, डबकी किंवा संथ वाहणारे पाणी हवे. पर्जन्यछायेतील पारनेर तालुक्यात जेथे पिण्याच्या पाण्याचा मेळ घालावा लागतो, तेथे हे पीक धाग्यासाठी घेणे परवडणारे नाही. आपला संबंध ज्यूटच्या पिकाशी नसून त्याच्या गोणीशी आहे.

रोपापासून गोणीपर्यंत

देशातील बहुतेक ज्यूट पश्चिम बंगालमध्ये पिकते. त्याखालोखाल बिहार व आसाम ही राज्ये येतात. पेरणी साधारण मार्च ते मे महिन्यांत होते आणि १०० ते १२० दिवसांत पीक कापणीस येते. कापलेल्या झाडांच्या जुड्या बांधून पाला गळू देतात व नंतर त्या पाण्यात बुडवून ठेवतात. दोन ते तीन आठवड्यांत पाण्यातील जिवाणू सालीतील चिकट द्रव्य विरघळवतात आणि धागा काडीपासून सुटतो. मग शेतकरी व मजूर कमरेइतक्या पाण्यात उभे राहून तो हाताने सोलतात, धुतात आणि वाळवतात. पाणी अपुरे किंवा गढूळ असले तर धागा काळपट व कमजोर होतो, त्याची प्रत उतरते आणि भावही पडतो. पाण्याअभावी तेथील शेतकऱ्याचे नुकसान असे होते.

ज्यूटचे उत्पन्न हेक्टरी सुमारे २५ क्विंटल धागा इतके मिळते. धान्याच्या ५० किलो भरतीसाठीच्या नव्या प्रमाणित गोणीचे वजन ५८० ग्रॅम असते. या वजनाने २०० गोण्या म्हणजे ११६ किलो माल झाला. तेव्हा आपल्या एकरभर कांद्याच्या गोण्यांसाठी बंगालमधील चार ते पाच गुंठ्यांचे पीक खर्ची पडते. एकदा वापरून गोणी उकिरड्यावर टाकताना हे ध्यानात ठेवावे.

ज्यूटचा व्यापार

इंग्रजीतील 'गनी' हा शब्द आपल्या गोणीवरूनच गेलेला आहे. पूर्वी बंगालमध्ये गोणपाट हातमागावर विणले जाई. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधील डंडी येथे देवमाशाचे तेल लावून ज्यूट मऊ करण्याची व ते यंत्रावर कातण्याची युक्ती साधली. भारतातील पहिली ज्यूट गिरणी १८५५ साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे निघाली आणि पुढे हुगळीच्या दोन्ही काठांवर गिरण्यांची रांग उभी राहिली. १९४७ च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या, पण ज्यूट पिकवणारा मोठा मुलूख पूर्व बंगालमध्ये गेला. त्यानंतर आपल्याकडे ज्यूटचे क्षेत्र वाढवण्यात आले. उत्पादनात आज भारत जगात पहिला असला, तरी निर्यातीत बांगलादेश पुढे आहे.

कच्च्या ज्यूटला केंद्र सरकार हमीभाव जाहीर करते. २०२५-२६ साठी टीडी-३ प्रतीला तो क्विंटलला ५,६५० रुपये होता. खरेदीचे काम १९७१ साली स्थापन झालेले भारतीय ज्यूट महामंडळ करते. प्लॅस्टिकच्या पोत्यांची स्पर्धा वाढल्यावर १९८७ साली ज्यूटच्या सक्तीच्या वापराचा कायदा झाला. त्याखाली कोणत्या मालासाठी किती ज्यूट वापरायचे हे सरकार वेळोवेळी ठरवते. अलीकडच्या वर्षांत हे प्रमाण अन्नधान्यासाठी १०० टक्के आणि साखरेसाठी २० टक्के असे ठेवण्यात आले. स्वस्त आयात रोखण्यासाठी जानेवारी २०१७ मध्ये बांगलादेशच्या ज्यूट मालावर जादा शुल्क बसवले गेले. २०२५ साली तेथील ज्यूट मालाची खुष्कीच्या मार्गाने होणारी आयात बंद करून ती केवळ आपल्या न्हावा शेवा बंदरातून आणण्याचा आदेश निघाला.

या गोष्टी दूरच्या वाटतील, पण त्या आपल्या दारापर्यंत येतात. २०२४-२५ च्या हंगामात राज्यात सोयाबीनची हमीभावाने खरेदी सुरू असताना अनेक केंद्रांवर बारदान संपले आणि खरेदी खोळंबली. माल तयार, केंद्र उघडे, पण भरायला गोणी नाही अशी स्थिती झाली. सरकारी खरेदीच्या गोण्यांची मागणी कोलकात्याच्या ज्यूट आयुक्तांकडे आगाऊ नोंदवावी लागते. त्यानंतर ती गिरण्यांना वाटून दिली जाते. अंदाज चुकला तर ऐन वेळी गोण्या उभ्या राहत नाहीत. म्हणून तूर, मका किंवा सोयाबीन घेऊन केंद्रावर जाण्यापूर्वी तेथे बारदान शिल्लक आहे का, याची चौकशी अवश्य करावी. गाडीभाडे व मुक्काम वाचेल.

गोणीची पारख

ज्यूटच्या कापडाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. 'हेसियन' म्हणजे साध्या विणीचे, हलके व मोकळे तरट. 'सॅकिंग' म्हणजे जाड सुताचे, घट्ट विणीचे गोणपाट. धान्याची व साखरेची पोती दुसऱ्या प्रकारची असतात.

कांदा हा जिवंत कंद आहे. काढणीनंतरही त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो व त्यातून उष्णता आणि बाष्प बाहेर पडते. हे बाष्प बाहेर गेले नाही तर गोणीच्या मध्यभागी कांदा घामेजतो, पत्ती काळी पडते आणि सड सुरू होते. यासाठी कांद्याला मोकळ्या विणीची गोणी घ्यावी. स्वस्त मिळतात म्हणून धान्याची जुनी घट्ट पोती कांद्यासाठी वापरणे शेवटी महाग पडते. हिरव्या वाटाण्यालाही हाच नियम लागू आहे, कारण वाटाणा कांद्याहूनही लवकर उबतो.

धान्याला मात्र घट्ट विणीची गोणी हवी, म्हणजे दाणा सांडत नाही. गोणी विकत घेताना ती उजेडाकडे धरून विरळ जागा पाहाव्यात, शिवण दोन्ही हातांनी ताणून पाहावी आणि वास घ्यावा. कुबट वास येत असल्यास माल भिजलेला आहे असे समजावे. खताची किंवा औषधाची पोती धान्यासाठी किंवा भाजीपाल्यासाठी कधीही वापरू नयेत. धुतल्यानंतरही त्यांत अंश राहतो.

मापातील गोणी

ज्यूट हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे एकच गोणी उन्हाळ्यात हलकी व पावसाळ्यात जड भरते. तेव्हा अंदाजावर न राहता माल भरण्याच्या दिवशी दहा रिकाम्या गोण्या एकत्र तोलाव्यात व वजनाला दहाने भागावे. हा आकडा वहीत लिहून बाजारात जावे.

उदाहरण पाहा. गोणीचे खरे वजन ५८० ग्रॅम आहे आणि मापात गोणीमागे सरसकट एक किलो वजा धरला, तर प्रत्येक गोणीमागे ४२० ग्रॅम कांदा फुकट जातो. २०० गोण्यांवर हे नुकसान ८४ किलो होते. किलोला १५ रुपये भाव धरला तर ही रक्कम १,२६० रुपये होते. हिशेबपट्टी हाती आल्यावर एकूण वजन, बारदानाची वजावट आणि निव्वळ वजन हे तीन आकडे वेगळे दाखवले आहेत का, ते पाहावे. वजावट जास्त वाटल्यास जागेवरच एक रिकामी गोणी तोलून दाखवण्यास सांगावे. आपल्या बाजूनेही गोणी कोरडी व मातीविरहित ठेवावी, म्हणजे जादा वजावट मागण्यास जागा राहत नाही.

भरणी व निगा

१. कांदा चाळीत सुटाच साठवावा. विक्रीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी निवड करून सावलीत गोणी भरावी. दवाने ओला कांदा भरू नये.

२. तोंड दाभणाने सुतळी घालून शिवताना दोन्ही कोपऱ्यांस कान ठेवावेत. हमालाला उचलण्यास सोपे जाते आणि आकडा लावण्याची गरज पडत नाही. आकड्याने गोणी फाटते व कांद्यालाही इजा होते.

३. भरलेल्या गोण्यांच्या थप्प्या कमी उंचीच्या ठेवून मध्ये हवेस वाट ठेवावी. पावसाची शक्यता असेल तेव्हाच ताडपत्री टाकावी व पाऊस उघडताच ती काढावी.

४. धान्यासाठी जुन्या गोण्या वापरायच्या झाल्यास त्या उलट्या करून झटकाव्यात, उकळत्या पाण्यात १५ मिनिटे बुडवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. शिवणीत लपलेली सोंडकिड्यांची व भुंगेऱ्यांची अंडी, अळ्या यामुळे मरतात. न वाळवलेली गोणी वापरू नये.

५. धान्याची पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून हातभर अंतरावर ठेवावीत.

६. रिकाम्या गोण्या स्वच्छ करून कोरड्या जागी, जमिनीपासून उंच टांगाव्यात. उंदीर व ओल हे गोणीचे मुख्य शत्रू आहेत. विरलेल्या गोण्या रोपांच्या मुळांभोवती गुंडाळण्यास किंवा फळझाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून उपयोगी पडतात व शेवटी जमिनीतच कुजतात.

गोणपाटापासून जोडधंदा

राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदीची अधिसूचना निघाली. तेव्हापासून ज्यूटच्या पिशव्या, फाइली व बैठकांना मागणी दिसते. महिला बचत गटांना हे काम शिलाई यंत्रावर करता येते. मात्र कापड बाहेरून आणावे लागते, हे विसरू नये. नफा कापड किती वाया गेले, बंद व अस्तर यांचा खर्च किती झाला आणि शिवण किती टिकाऊ आहे, यांवर ठरतो. प्रथम २५-३० पिशव्या शिवून गावातील दुकाने, शाळा व समारंभ यांत खप पाहावा आणि मगच कापडाचा मोठा गठ्ठा मागवावा. राष्ट्रीय ज्यूट मंडळाच्या प्रशिक्षण योजनांची चौकशीही करावी.

बंधू-भगिनींनो, बाजारभाव आपल्या हाती नसतो, पण गोणीची निवड, तिची निगा आणि तिचे वजन या तीन गोष्टी पूर्णपणे आपल्या हाती आहेत. येत्या हंगामात कांद्याच्या खर्चाचे पान मांडाल, तेव्हा गोणीला स्वतंत्र ओळ द्या. त्या ओळीत किती गोण्या, काय दराने, किती ग्रॅमची आणि किती परत आल्या, हे चार आकडे लिहा. पहिल्याच वर्षी ही ओळ तुम्हाला काही सांगून जाईल.