‘वात’ या रोगनामाची व्याप्ती

कोणाचे सांधे धरले की ‘वात आहे’ एवढे म्हणून घरातील मंडळी थांबतात. या एका शब्दात उतारवयातील सांध्यांची झीज, ज्वरानंतरची सांधेदुखी आणि ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असे भिन्न विकार सामावतात. त्यांची कारणे मात्र एक नाहीत.

रोगनामात पुष्कळदा कारणाविषयीची समजूत दडलेली असते. ‘ऱ्हुमॅटॉइड’ या नावाच्या मुळाशी प्रवाहवाचक ग्रीक शब्द आहे. शरीरात दूषित द्रव पाझरतो, ही ती जुनी कल्पना होय. ‘माधवनिदाना’त आमवाताचे स्वतंत्र प्रकरण असून अपक्व अन्नरस, म्हणजे ‘आम’, हे त्याचे कारण मानले आहे. उलट ‘चिकुनगुनिया’ हा आफ्रिकेतील माकोंडे भाषेतला शब्द कारण सांगत नाही; वेदनेने वाकलेला रुग्ण तेवढा दाखवितो.

या रोगाची साथ नागपुरात १९६५ साली आली व २००६ मध्ये पुन्हा उद्भवली. ज्वर उतरल्यावरही सांधे कित्येक महिने सुजलेले राहू शकतात, आणि लक्षणे ऱ्हुमॅटॉइडसारखीच भासतात. तेथे कारण निश्चित आहे : डासावाटे शिरणारा विषाणू.

ऱ्हुमॅटॉइडचे तसे नाही. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आनुवंशिक प्रवृत्तीला परिस्थितीची जोड मिळते. तीत तंबाखूच्या धुराचा पुरावा सर्वांत बळकट असून दगडाच्या सिलिकायुक्त धुळीचाही संबंध दिसला आहे. हिरड्यांच्या रोगातील ‘पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस’ हा जंतू प्रथिनांत विशिष्ट बदल घडवितो. तशा बदललेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे पुष्कळ रुग्णांत सांधे सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे आढळतात. न्यूयॉर्कमधील संशोधकांना २०१३ साली नव्या रुग्णांच्या आतड्यांत ‘प्रिव्होटेला कॉप्राय’ हा जंतू अधिक प्रमाणात दिसला. तथापि साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. पचनाशी नाते जोडणाऱ्या ‘आम’ शब्दात या जंतूची पूर्वसूचना शोधणे, हेही शब्दसाम्याला भुलणेच ठरेल.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दोन्ही हातांची लहान पेरे सहा आठवड्यांहून अधिक सुजली आणि सकाळी ती तासभर आखडू लागली, तर वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. प्रारंभीच्या काही महिन्यांत उपचार झाल्यास सांध्यांची हानी बरीच टळते. ‘वात’ या सैल नावाने समाधान मानले, तर नेमका तोच काळ हातचा जातो.