वाळूजच्या भाडेकरूला शाळा निवडता येते का?

१९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना मराठवाड्यात, औरंगाबाद म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूजला सुरू झाला आणि गंगापूर तालुक्यातल्या या पट्ट्याचं रूप पालटत गेलं. बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर, जोगेश्वरी इथे आज जालना, बीड, परभणी, बुलढाण्याची माणसं राहतात, तशी बिहार-उत्तर प्रदेशचीही. कितीतरी जणांचा संसार भाड्याच्या एका खोलीत आहे. उन्हाळा सरत आला की या खोल्यांमध्ये एकच प्रश्न घोळतो: पोराला कुठं घालायचं? जिल्हा परिषदेच्या शाळेत, उसनवारी करून इंग्लिश मिडीयमला, की गावाकडं आजीपाशीच ठेवायचं? हा प्रश्न खाजगी वाटतो. माझ्या मते तो मानवी हक्काचा आहे, आणि आपण तो तसा विचारत नाही.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. तो घडवणाऱ्या मंडळींत भारताच्या हंसा मेहता होत्या. त्यातलं २६ वं कलम प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं असावं असं म्हणतं, आणि त्याच कलमाचा तिसरा भाग मुलाला कोणत्या प्रकारचं शिक्षण द्यायचं हे ठरवण्याचा अग्रहक्क आईवडिलांना देतो. सरकारने शाळा द्यायलाच हवी, पण कोणती शाळा घ्यायची ते सरकारने लादू नये, असं हे दोन्ही भाग मिळून सांगतात.

मराठवाड्याला हे जाहीरनाम्यातून शिकावं लागलं नाही. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा मराठी घरातल्या मुलाला वरचं शिक्षण घ्यायचं तर ते बहुतेक उर्दूतूनच. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण ती भाषा इथल्या बहुसंख्य घरांची नव्हती. म्हणून लोकांनी आपल्या शाळा काढल्या. औरंगाबादची सरस्वती भुवन १९१५ ची, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याला आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिक्षक होते. हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याचा नेता शाळामास्तर असावा, याचं मला कधीच नवल वाटलं नाही. जिथे सभा-संघटनांवर बंधनं होती, तिथे लोकांना एकत्र आणणारी जागा शाळाच होती. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून उस्मानियातून आणि औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजातून विद्यार्थी काढले गेले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडलं. पोरांनी गाव सोडलं, शिक्षण सोडलं नाही. आणि १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. ज्यांच्या आधीच्या पिढ्यांना निवडीचा प्रश्नच पडू दिला गेला नव्हता, अशा घरांना या महाविद्यालयाने पहिल्यांदा निवड दिली.

कुटुंबाच्या हक्काची बाजू मांडताना एक गोष्ट मात्र लपवता येत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात ते सक्तीचं केलं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकांना दंड ठेवला. दोघांनाही ठाऊक होतं की घरसुद्धा मुलाचा, विशेषतः मुलीचा, हक्क बुडवू शकतं. म्हणून शाळेत घालायचं की नाही, ही निवड आईबापांची नाही. कोणत्या शाळेत आणि कोणत्या भाषेत, ही त्यांची आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या प्रकरणात हेच सांगितलं: प्राथमिक शिक्षणाचं माध्यम सरकार लादू शकत नाही. मी मराठी शाळांचा कट्टर पक्षपाती आहे, तरी हा निकाल मला पटतो. मराठी शाळा सक्तीने नव्हे, चांगली असल्यामुळे भरली पाहिजे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी आणण्याचा शासन निर्णय निघाला, तेव्हा महाराष्ट्रातले पालक, शिक्षक, भाषाप्रेमी उभे राहिले आणि २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. तोही याच हक्काचा विजय होता.

आता पुन्हा वाळूजकडे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या २५ टक्के राखीव जागांनी गरिबाच्या मुलाला खाजगी शाळेचं दार उघडलं. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने मात्र, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित शाळेला या जागांतून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने आधी स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती अधिसूचना रद्द केली. दार उघडंच राहिलं, हे बरं झालं. पण दारापर्यंतची वाट कागदांची आहे.

इथल्या पत्त्याचा दुसरा कागद नसलेल्या भाडेकरूला पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरार मागतात. दोन खोल्या भाड्याने देणारा घरमालक कशाला निबंधक कार्यालयात जाईल? दुर्बल घटकासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला आठ हजार तीनशेच्या आसपास. किमान वेतनावर पूर्ण महिना भरणारा कंत्राटी कामगारसुद्धा तिच्या वर जातो. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, पण परराज्यातून आलेल्याचा जातीचा दाखला इथे चालत नाही. याच कायद्याचं १४ वं कलम वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नका असं बजावतं, आणि ५ वं कलम शाळा बदलण्याचा हक्क देऊन दाखला उशिरा आला तरी प्रवेश अडवू नका म्हणतं. जन्मतारखेच्या बाबतीत दाखवलेलं शहाणपण पत्त्याच्या बाबतीत का नको? कारखान्याच्या ठेकेदाराचं पत्र, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला यांवर काम भागवता येईल. उत्पन्नाची मर्यादा किमान वेतनाशी जोडता येईल. यासाठी कायदा बदलावा लागत नाही, नियम आणि परिपत्रक पुरतं.

आणि निवड फक्त खाजगीकडे जाण्याची नसते. शेजारची जिल्हा परिषदेची शाळा पुऱ्या शिक्षकांनिशी चालत असेल, तरच ‘आम्ही हीच शाळा निवडली’ हे वाक्य खरं होतं. नाहीतर ती शाळा नाइलाज म्हणून पदरात पडते.

सगळ्यात कठोर गाठ पुढे आहे. २५ टक्क्यांतला प्रवेश आठवीपर्यंतच. नववीला त्याच वर्गात, त्याच मित्रांबरोबर बसायचं तर पूर्ण फी भरावी लागते. वाळूजमधल्या कंत्राटी कामगाराच्या घरात मुलगी चौदा वर्षांची होते तेव्हा निवड तिची किंवा आईबापांची राहत नाही, ती फीच्या पावतीची होते. बारावीपर्यंतचं शिक्षण या हक्कात घ्या, ही मागणी विधिमंडळात लावून धरायला मराठवाड्याच्या आमदारांना कुणाच्या परवानगीची गरज नाही.