अपवादांची साठ वर्षे: रास्क ते व्हेर्नर

जर्मन, इंग्रजी, डॅनिश या जर्मानिक भाषांतले ध्वनी शिस्तीने बदलले आहेत, हे डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये मांडले. १८२२ मध्ये याकोब ग्रिमने (परीकथा जमवणाऱ्या भावांपैकी थोरला) त्याचा नीट नियम बांधला. संस्कृत, ग्रीक, लॅटिनमधल्या प, त, क यांच्या जागी जर्मानिकमध्ये फ, थ, ह येतात. द च्या जागी त. म्हणून ‘त्रि’ आणि ‘थ्री’, ‘द्वि’ आणि ‘टू’.

नियम न जुमानणारे शब्दही पुष्कळ होते. ढोबळमानाने जमले की पुरे, असे ग्रिमला वाटे. १८६२ मध्ये कार्ल लॉट्नरला ते पुरेसे वाटले नाही. त्याने अपवाद वेचले आणि त्यांचे गट पाडले.

एक गट पुढच्याच वर्षी सुटला. सोडवणारा हेर्मान ग्रासमान हा गणिती, श्टेटिनचा शाळामास्तर. पुढे ऋग्वेदाचा कोश त्यानेच केला. ‘बंध्’ आणि जर्मन ‘बिंडेन’ यांतला ब नियमाशी जुळत नव्हता. ग्रासमान म्हणाला, मूळ धातूत दोन महाप्राण होते आणि संस्कृतने पहिला टाकला. म्हणजे नियम मोडल्याचा आळ जर्मानिकवर, आणि बदलले होते संस्कृत! मूळ भाषेचे रूप संस्कृतात जसेच्या तसे राहिले आहे, या समजुतीला हा चांगलाच टोला होता.

उरलेला गट चिवट निघाला. पिता, माता, भ्राता या तिन्हींत त; मग जर्मन ‘ब्रूडर’मध्ये ड आणि ‘फाटर’, ‘मुटर’मध्ये ट का? (इंग्रजी फादर-ब्रदरवरून पडताळू नये, तिथे हा भेद पुढे पुसला गेला.) ऑर्हूसच्या कार्ल व्हेर्नरने झोप लागावी म्हणून बॉपचे तौलनिक व्याकरण उघडले आणि नजर संस्कृत शब्दांच्या स्वरचिन्हांवर पडली, असा किस्सा सांगतात. ‘भ्राता’चा उदात्त, म्हणजे आघात, पहिल्या अक्षरावर, ‘पिता’ आणि ‘माता’ यांचा शेवटच्या. जर्मानिकने पुढे सगळेच आघात पहिल्या अक्षरावर आणले, पण त्याआधीच व्यंजनांवर परिणाम होऊन गेला होता: लगेच आधीच्या अक्षरावर आघात असेल तर ध्वनी अघोष राहिला, नसेल तर घोष झाला. (आजच्या जर्मनमधला ड त्या अघोष ध्वनीतून आणि ट घोष ध्वनीतून पुढे आला.) इंग्रजीतल्या ‘वॉज’ आणि ‘वेअर’ या जोडीतला फरकही त्यातूनच आला. आपल्या वेदपाठींनी स्वर तोंडपाठ जपले नसते, तर हा पुरावा इतका स्पष्ट हाती लागता ना.

व्हेर्नरचा लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनिनियमांना अपवाद नसतात, असे लाइप्झिगचे लेस्कीन आदल्याच वर्षी म्हणाले होते. आता असे मानणाऱ्यांच्या पंथाला भक्कम दाखला मिळाला. व्हेर्नर हालेच्या ग्रंथालयात नोकरी करून कोपनहेगनला स्लाव्ह भाषा शिकवायला गेला. त्याने फार थोडे लिहिले आणि १८९६ मध्ये, पन्नाशीत, वारला.

ग्रिम, ग्रासमान, व्हेर्नर या तिघांच्या नावाने नियम आहेत, लॉट्नरच्या नावाने एकही नाही. माझ्या मते हा अन्याय आहे. त्याने अपवादांची यादी केली नसती, तर पुढच्या दोघांना सोडवायला नेमके काय उरले आहे, हे इतके स्वच्छ दिसले नसते.