भूपृष्ठसामग्रीची आयात आणि पर्जन्यजलनिस्सारण : जबलपूरच्या सिविल लाइंसच्या संदर्भात

पर्जन्यजलनिस्सारणाच्या आराखड्यासाठी संगणकप्रणालीत भूपृष्ठाची सामग्री आयात करणे ही सामान्यतः यांत्रिक क्रिया मानली जाते. वस्तुतः पाणी कोणत्या दिशेस वाहील, याचा पहिला निर्णय तेथेच होतो. जबलपूरमधील सिविल लाइंससारख्या बंगले व जुनी झाडे असलेल्या वस्तीत हे विशेषत्वाने जाणवते.

फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार-मोजणीतून सुमारे ३० मीटर अंतरावरील बिंदूंची उंची मिळते. परंतु तीत वृक्ष व इमारती यांच्या उंचीचा अंश मिसळलेला असतो. १:५०० उताराच्या गटारात ३० मीटरांमागे उतार अवघा ६ सेंटिमीटर असतो. या सामग्रीतील त्रुटी मात्र मीटरांत मोजावी लागते. म्हणून पाणलोटाची स्थूल सीमा तिच्यावरून ठरवावी. गटाराची तळपातळी प्रत्यक्ष सर्वेक्षणातूनच घ्यावी.

आयातीपूर्वी तीन दक्षता आवश्यक ठरतात. एक, अक्षांश-रेखांश मीटरांत रूपांतरित करावेत. त्यासाठी जबलपूर यूटीएमच्या ४४ उत्तर विभागात येते. दोन, उपग्रहाधारित उपकरण देते ती विवृत्तजाची उंची व समुद्रसपाटीपासूनची उंची यांत येथे ५० मीटरांहून अधिक अंतर पडते. दोन्ही एकत्र केल्यास नसलेला कडा उभा राहतो. तीन, नाल्याचे काठ व तळ रेषारूपाने द्यावेत. अन्यथा त्रिकोणांचे जाळे काठाला काठ जोडते आणि ओमती नाल्यासारखा प्रवाहही नकाशात बुजतो.

पडद्यावरील असा दोष पावसाळ्यात सखल घरांच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो.