पोटाला हक्क, बुद्धीला मेहेरबानी

कायद्यात ‘द्यावे’ आणि ‘देण्याचा प्रयत्न करावा’ हे शब्द शेजारी बसत असले, तरी त्यांच्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्याच्या आधारे गरिबाला न्यायासनापुढे उभे राहता येते. दुसऱ्याच्या आधारे फार तर अर्ज करता येतो. सहा वर्षांखालील मुलांचे शिक्षण आजही या दुसऱ्या शब्दाच्या पदरी पडलेले आहे. त्याचे परिणाम सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या तळोद्यासारख्या तालुक्यात जितके ढळढळीत दिसतात, तितके पुण्या-मुंबईच्या बालवाड्यांत दिसत नाहीत. म्हणून हा प्रश्न आम्ही आज वाचकांपुढे मांडीत आहो.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. घटनेच्या मूळ ४५ व्या कलमात १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या शिक्षणाचा उल्लेख होता. वयाची खालची मर्यादा त्यात नव्हती. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे शिक्षण मूलभूत हक्काच्या पदवीला चढविले. परंतु २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने हक्क दिला तो ६ ते १४ वयाच्या मुलांना; त्याखालच्या बालकांसाठी सरकारने केवळ ‘प्रयत्न’ करावा असे नवे ४५ वे कलम सांगते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे ११ वे कलमही तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था ‘करू शकेल’ एवढ्यावरच थांबते. एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने निम्मे काढून घेतले, असा हा प्रकार आहे.

याच्या उलट २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा पाहा. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळणे हा त्याने हक्क ठरविला. याबद्दल त्या कायद्याचे आम्ही अभिनंदनच करतो. परंतु परिणाम काय झाला? त्याच अंगणवाडीत, त्याच चटईवर बसलेल्या त्याच मुलाच्या वाटीतील खिचडी हा त्याचा हक्क, आणि त्याच्या कानी पडणारी गोष्ट, गाणे व रंगीत ठोकळे ही मात्र सरकारची मेहेरबानी! पोट आणि बुद्धी ही एकाच देहात नांदतात, हे कायदेपंडितांस ठाऊक नसावे काय?

आता तळोद्याकडे वळू. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे नंदुरबार जिल्ह्यात दर दहा माणसांत सुमारे सात आदिवासी आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. सबंध महाराष्ट्राचे हेच प्रमाण शेकडा ३६ होते. घरात भिली, पावरी, मावची यांसारखी बोली. शाळेत मात्र पुस्तकी मराठी. सहाव्या वर्षी जे मूल प्रथमच पहिलीच्या वर्गात पाऊल टाकते, त्याला एकाच दिवशी दोन परक्यांशी गाठ घालावी लागते, एक अक्षर आणि दुसरी भाषा. पुढे ते मूल गळाले की ‘आदिवासींना शिक्षणाची आवड नाही’ असा शेरा मारावयास आपण मोकळे!

त्यात दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीस जातात. आईबापांबरोबर तान्ही व रांगती मुलेही जातात. गावच्या अंगणवाडीच्या वहीत नाव असते, मूल उसाच्या फडात असते. ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत पाळणाघर असावे असे २०१७ च्या सुधारित प्रसूतिलाभ कायद्याने ठरविले होते. पण त्या तरतुदीची सावली फडावरच्या झोळीपर्यंत पोहोचलेली नाही.

यावर कोणी म्हणेल, तीन वर्षांच्या मुलाला कसली शाळा? आईची मांडी हीच त्याची शाळा. ठीक आहे, पण ज्या आईच्या हाती पहाटेपासून कोयता आहे, तिची मांडी मुलाला मिळावयाची केव्हा? शिवाय पाटी-पेन्सिलीचा जुलूम कोणीच मागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह वारली मुलांत जे काम केले, त्यात पाने, बिया, शंख-शिंपले हीच साधने होती. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या अंगणात गेली. आज देशभर रूढ झालेला ‘अंगणवाडी’ हा शब्द ज्या महाराष्ट्राने घडविला, त्यानेच त्यातील शिक्षण विसरून केवळ आहार शिल्लक ठेवावा, याचे आम्हांस विशेष वैषम्य वाटते.

दुसरा आक्षेप पैशाचा. तो नवा नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल आणले, तेव्हाही तिजोरीची सबब पुढे आली होती आणि १९१२ साली ते बिल हाणून पाडण्यात आले. परकी सरकारच्या तोंडी जी सबब आम्ही तेव्हा नाकारली, ती स्वकीय सरकारच्या तोंडी शोभते कशी?

तस्मात् आमचे मागणे चार गोष्टींचे आहे. एक, शिक्षणहक्क कायद्यातील ‘करू शकेल’ याच्या जागी ‘करील’ असा शब्द यावा आणि हक्काचे वय तीनपासून सुरू व्हावे. दोन, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आदिवासी भागांतील आश्रमशाळांत बालशिक्षण सुरू करण्याचे सुचविले आहे. आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय तळोद्यास आहेच. तेथूनच आरंभ व्हावा. मात्र तीन वर्षांच्या बालकास आईपासून तोडून वसतिगृहात ठेवू नये. हे वर्ग पाड्याजवळ व दिवसापुरतेच असावेत. तीन, महाराष्ट्र व गुजरात या दोन सरकारांनी करार करून ऊसतोडीच्या मुक्कामी हंगामी अंगणवाड्या चालवाव्यात. चार, सेविका मुलाची बोली जाणणारी असावी, तिला शिक्षिकेचे शिक्षण व वेतन मिळावे. १९७५ साली गांधीजयंतीस एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून तिचा मोबदला ‘मानधन’ म्हणविला जातो. तिला उपदान मिळण्यासाठीसुद्धा २०२२ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली. मान तोंडी आणि धन तुटपुंजे, अशा स्थितीत वजन करणे, नोंदी भरणे व आहार वाटणे यांतून उरलेल्या वेळात तिने बालशिक्षणाचे शास्त्रही चालवावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

सरकारला सांगावयाचे ते सांगितले; आता लोकांस. तळोदा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अशा भागांतील ग्रामसभेस व पंचायतीस सामाजिक क्षेत्रातील संस्थांवर व सेवकांवर देखरेखीचा अधिकार दिलेला आहे. तो कागदावर निजू देऊ नये. अंगणवाडी रोज उघडते काय, मुले तेथे नुसती जेवतात की बोलतात, गातात, खेळतात, हे ग्रामसभेने दर महिन्यास विचारावे. शिकल्या-सवरल्या तरुणांनी आपल्या पाड्यातील गोष्टी व गाणी सेविकेच्या हाती द्यावीत.

सर्वांना बालशिक्षण देण्यासाठी धोरणाने स्वतःच २०३० ची मुदत घालून घेतली आहे. ती आता दारात आली आहे. सरकारला मुदत वाढवून घेता येते. चौथ्या वर्षाच्या मुलाला मात्र आपले चौथे वर्ष लांबणीवर टाकता येत नाही.